जळाले की जाळले? : दंगलीनंतरची वस्ती आणि मराठी साहित्य

१७ मार्च २०२५ रोजी विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दल यांनी औरंगजेबाची कबर हटवण्याच्या मागणीसाठी नागपूरच्या महाल भागात निदर्शने केली. धार्मिक मजकूर असलेली चादर तिथे जाळली गेली, असे वृत्त पसरले. संध्याकाळी आणि रात्री महाल, हंसापुरी या भागांत जमावांनी दगड मारले, वाहने पेटवली. प्रशासनाने अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लावली. जखमी झालेला एक माणूस काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला.

त्यानंतरच्या आठवड्यांत एक वाक्य सतत ऐकू येत होते. वर्तमानपत्रांच्या स्तंभांत, शांतता बैठकांत, महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात, सावनेरहून नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये सगळीकडे तेच वाक्य. ‘इथे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, बाहेरच्यांनी येऊन हे केले.’ बोलणाऱ्यांत हिंदू होते, मुसलमान होते, बौद्धही होते. सद्‌भावनेने बोललेल्या वाक्याची चिकित्सा करणे अनेकांना क्रूरपणाचे वाटेल. पण हे वाक्य एकट्यादुकट्याचे नाही. ते मराठी माणसाला त्याच्या साहित्याने, रंगभूमीने आणि पाठ्यपुस्तकांनी तयार करून दिलेले आहे. म्हणून ते वाङ्मयीन वाक्य आहे आणि त्याची वाङ्मयीन समीक्षा झाली पाहिजे.

प्रश्न असा आहे : अनेक जातींची, अनेक धर्मांची माणसे जिथे एकत्र राहत होती अशी शहरी वस्ती हल्ल्यानंतर आपण कशी आठवतो? त्या आठवणीत कोण दिसते, कोण गळते? नागपूरच्या जखमा अजून ओल्या आहेत. तिथे आठवण नुकती घडू लागली आहे. म्हणून जिथली आठवण पन्नास वर्षांत पक्की झाली आहे असे उदाहरण आधी तपासणे योग्य ठरेल. मुंबईतल्या वरळीच्या बीडीडी चाळी हे ते उदाहरण. तिथला हल्ला आंबेडकरी चळवळीवर होता, आणि आता त्या चाळीच पाडल्या जात आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उत्तुंग इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणाऱ्या या माणसांचा आनंद खरा आहे आणि तो त्यांच्या हक्काचा आहे. मात्र त्या निमित्ताने जुन्या चाळीविषयी जे लिहिले-बोलले जात आहे, त्यात पुन्हा तेच ‘गुण्यागोविंदाने’ आहे.

चाळ : एकत्र आणि वेगवेगळी

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात, १९२० मध्ये हे खाते निघाले. गिरणी कामगारांना घरे पुरवण्याच्या योजनेतून वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. त्यांतल्या १२१ एकट्या वरळीत. मधून जाणारा लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, एका मजल्यावर २० खोल्या, एका चाळीत ८०. संडास सामाईक. बांधणी इतकी तुरुंगासारखी की १९३० च्या कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींचा खरोखरच तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेले घर गरज पडताच कैद्यांसाठी वापरता येते, यातच राज्यकर्त्यांची कामगाराविषयीची कल्पना दिसते.

या चाळींत कोकणातली, घाटावरची माणसे आली. मराठे आले, महार आले, चांभार आले, इतर अनेक जाती आल्या; पोलीस कुटुंबेही आली. गिरणीच्या भोंग्याने सगळ्यांचा दिवस सुरू होई. मैदान एक, संप एक, उपासमार एक. या अर्थाने एकत्र जगणे खरे होते. ते नाकारणे म्हणजे कामगारांनी स्वतःच्या हाताने उभे केलेले काहीतरी नाकारणे होईल.

परंतु त्याच गिरणीच्या आत काय होते? विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लागेल, म्हणून सवर्ण कामगार त्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. विणकाम खात्यात पगार अधिक होता. म्हणजे विटाळाची किंमत दरमहा रोख मोजली जात होती, आणि ती अस्पृश्य मोजत होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांची एकजूट हवी असेल तर कामगारांमधला हा अन्याय आधी दूर करा, अशी त्यांची भूमिका होती. संपाचा लाल बावटा खांद्यावर घेणाऱ्यांनाही हा प्रश्न तेव्हा गैरसोयीचा वाटला.

चाळीतही तेच. बौद्धांच्या चाळी आणि सवर्णांच्या चाळी अशी ओळख लोकांच्या तोंडी होती. मैदान सामाईक होते, पण मैदानाच्या कडेला उभे राहून कुठली चाळ कोणाची हे बोट दाखवून सांगता येत होते. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. एकत्रपण खरे आहे आणि वेगळेपणही खरे आहे. ‘गुण्यागोविंदाने’ हा शब्द यांतले पहिले ठेवतो आणि दुसरे पुसतो.

साहित्यातली चाळ

मराठी वाचकाच्या मनातली चाळ ही बहुतांशी पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ची आहे. हे पुस्तक १९५८ सालचे. त्याच्या विनोदाशी आमचे भांडण नाही. तो विनोद मार्मिक आहे. पण ती चाळ गिरगावच्या पांढरपेशांची आहे. तिथली भांडणे तात्पुरती आहेत, कारण भांडणाऱ्यांची सामाजिक पायरी एकच आहे. पुस्तकाच्या शेवटी जे चिंतन येते त्यात गेलेल्या दिवसांविषयी हळहळ आहे. ही हळहळ पुढे सगळ्या चाळींवर पांघरली गेली. गिरणगावातल्या, जातीजातींच्या, धर्माधर्मांच्या चाळी आठवतानाही मराठी लेखक आणि वाचक गिरगावचाच चष्मा लावू लागले. दोष पुस्तकाचा नाही. एका वर्गाच्या अनुभवाला साऱ्या समाजाचा अनुभव समजणाऱ्या अभिरुचीचा आहे.

नारायण सुर्वे यांनी ही चौकट मोडली. ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) मधला माणूस रस्त्यावर, गिरणीत, संपात शिकतो. त्याच कवितेत याकूब नालबंदवाला येतो आणि दंगलीत मारला जातो. इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सुर्वे दंगलीचे सर्वसाधारण वर्णन करीत नाहीत. ते एका माणसाचे नाव आणि त्याचा धंदा सांगतात. दंगलीत मेलेला माणूस आकडा न राहता शेजारी म्हणून उरतो. मराठी कवितेत हे फार मोठे काम होते. मात्र सुर्व्यांच्या जगात जात ही वर्गापुढे फिकी पडते. संपाने ती वितळेल असा विश्वास त्यांच्या कवितेला आहे. धोट्याचा प्रश्न त्या विश्वासाला विचारला गेला पाहिजे होता.

तो विचारला बाबुराव बागूल यांनी, दुसऱ्या रीतीने. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतला नायक नोकरीच्या गावी खोली मिळावी म्हणून जात लपवतो. जोवर जात ठाऊक नाही तोवर आदर आहे, आपुलकी आहे. जात उघडकीला येताच तीच माणसे त्याला मारतात. या कथेत ‘गुण्यागोविंदाने’ या शब्दाचे सगळे शवविच्छेदन आहे. एकत्र राहण्याची अट इथे स्पष्ट लिहिली आहे : तुम्ही कोण आहात हे दिसू देऊ नका. वरळीत १९७४ साली नेमकी हीच अट मोडली गेली.

जानेवारी १९७४

१९७२ साली दलित पँथर स्थापन झाली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार ही तरुण कवी-लेखक मंडळी तिच्या अग्रभागी होती. पुढे जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईची लोकसभा पोटनिवडणूक आली. रा. धों. भंडारे राज्यपाल झाल्याने ही जागा रिकामी झाली होती. काँग्रेसतर्फे रामराव आदिक उभे होते आणि शिवसेनेचा त्यांना पाठिंबा होता. दलितांवरील अत्याचारांना सरकार आळा घालत नाही, म्हणून पँथरने या निवडणुकीवर बहिष्कार पुकारला.

५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या आंबेडकर मैदानावर पँथरची सभा होती. सभेवर दगड मारण्यात आले. पोलिसांनी सभेला आलेल्या लोकांवरच लाठ्या चालवल्या. राजा ढाले जबर जखमी झाले. मग चाळींवरून चाळींवर दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, पेटते बोळे सुरू झाले. या दंगलीत रमेश देवरुखकर हा तरुण पोलिसांच्या गोळीने मारला गेला. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा परळमधून जात असताना वरून कोणीतरी दगड टाकला आणि त्याने भागवत जाधव मारले गेले. नायगावच्या चाळींतही हाणामारी झाली. पुढचे काही महिने धग राहिली. निवडणुकीत आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या. सरकारने न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला.

सभेत देवदेवतांविषयी बोलले गेले म्हणून लोक चिडले, असे कारण तेव्हाही दिले गेले आणि आजही दिले जाते. हे कारण तसेच स्वीकारले तर त्याचा अर्थ काय होतो? शेजारी गप्प होता तोवर शेजारी होता. बोलू लागला की शत्रू झाला. बागुलांच्या नायकाची जात उघडी पडली तेव्हा जे झाले, तेच इथे सार्वजनिक मैदानावर झाले. फरक एवढाच की पँथरच्या तरुणांनी जात चोरली नव्हती. त्यांनी ती माइकवरून सांगितली, तिचा जाब विचारला आणि मत देण्यास नकार दिला.

आठवणीचे व्याकरण

वरळीची आठवण पुढे तीन ठिकाणी राहिली. आयोगाच्या कागदांत ती राहिली. तिथे साक्षी असतात, उलटतपासणी असते, ठिकाण आणि वेळ विचारली जाते. चळवळीत ती राहिली. दरवर्षी १० जानेवारीला भागवत जाधव यांचे नाव घेतले जाते, आणि ज. वि. पवार व नामदेव ढसाळ यांनी पँथरविषयी जे लिहून ठेवले त्यात वरळी तपशिलाने आहे. तिसरे ठिकाण म्हणजे सर्वसामान्य मराठी वाचकाची स्मृती. तिथे चाळ आहे, दहीहंडी आहे, कबड्डी आहे, गणपती आहे, दारे उघडी टाकून झोपणारे शेजारी आहेत. १९७४ नाही. असलेच तर एका वाक्यात आहे : ‘मध्यंतरी दंगल उसळली होती.’

या वाक्याचे व्याकरण पाहा. दंगल उसळते, जणू दूध उतू जावे. मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत : जळणे आणि जाळणे, पडणे आणि पाडणे, फुटणे आणि फोडणे, मरणे आणि मारणे. एका मात्रेचा, एका काण्याचा फरक. पहिल्या रूपात वस्तू आपोआप जळते, फुटते, पडते. दुसऱ्या रूपात जाळणारा, फोडणारा, पाडणारा उभा राहतो. मराठीने ही सोय आपल्याला हजारो वेळा वापरायला दिली आहे. ‘घरे जळाली’ म्हणायचे की ‘घरे जाळली’ म्हणायचे हा शैलीचा प्रश्न वाटतो, पण तो नीतीचा प्रश्न आहे. ‘दगडफेक झाली’, ‘तणाव निर्माण झाला’, ‘वातावरण बिघडले’ या वाक्यांना कर्ता नाही. कर्त्यावाचून लिहिलेल्या हल्ल्याला दोषी नसतो, आणि दोषी नसला की बळीचीही गरज उरत नाही. उरतो फक्त दुरावा, आणि दुराव्यावर उपाय म्हणून पुन्हा ‘गुण्यागोविंदाने’.

हे मराठीपुरते नाही. अमेरिकेतल्या टल्सा शहरात ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्यांच्या जमावाने ग्रीनवूड ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती जाळून बेचिराख केली. अनेक दशके या घटनेला ‘वांशिक दंगल’ म्हटले गेले आणि पाठ्यपुस्तकांतून ती जवळजवळ गायब राहिली. राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल २००१ मध्ये आला. त्यानंतरही ‘दंगल’ हा शब्द बदलून ‘हत्याकांड’ म्हणायला आणखी बरीच वर्षे लागली. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या तरुणांनी नाव घेतले, त्या समाजाला आपल्या जळलेल्या वस्तीसाठी एक शब्द मिळवायला जवळजवळ शंभर वर्षे भांडावे लागले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो गंभीर आहे. कर्त्यांची नावे घेतल्याने जखमा उकरल्या जातात. लोकांना पुन्हा एकाच बोळात, एकाच जिन्यावर राहायचे असते. विसरणे हीसुद्धा शेजारधर्माची गरज असते. हा आक्षेप घेणाऱ्यांत दंगल भोगलेली माणसेही असतात, म्हणून तो झिडकारता येत नाही. रोज सकाळी संडासाच्या रांगेत समोर उभ्या असलेल्या माणसाला त्याच्या भावाचा गुन्हा आठवून देत कोणी जगू शकत नाही. परंतु रांगेतले मौन आणि पुस्तकातले मौन यांत अंतर आहे. रांगेतला माणूस ठाऊक असून गप्प असतो. दोघांनाही ते माहीत असते. पुस्तक गप्प राहिले तर पुढच्या पिढीला ठाऊकच होत नाही. मग तिला पुढचा दगड आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

आपल्या साहित्याकडून

दलित साहित्यालाही इथे काही विचारले पाहिजे. आपण शहीद जपले, हे आपले मोठे कर्तृत्व. प्रस्थापित साहित्याने ज्यांच्यासाठी एक ओळ खर्च केली नाही त्यांची नावे आपण जयंतीच्या मंचावरून, पत्रिकांतून, गाण्यांतून जिवंत ठेवली. पण वस्ती म्हणजे केवळ शहीद नव्हे. सभेच्या दुसऱ्या दिवशी नळावर कोण कोणाशी बोलले नाही? कोणत्या घराने खोली बदलून मागितली? कोणत्या सवर्ण बाईने समोरच्या घरातली पोरे आपल्या पलंगाखाली लपवली, आणि कोणत्या बाईने पाट्याचा दगड खिडकीपर्यंत नेऊन दिला? हल्ल्यानंतर मुलांच्या कबड्डीच्या संघाचे काय झाले? हे प्रश्न आपल्या कवितेच्या आवेशात मागे राहिले. आवेशाची गरज होती, आजही आहे. तरी हे प्रश्न आपण घेतले नाहीत तर त्यांची उत्तरे भूतकाळाची हळहळ बाळगणारे लिहितील, आणि ती आपल्या वतीनेही लिहितील.

असे लिहिण्याची वाट आपल्याकडे आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधला कावाखाना आठवावा. नागपाड्याचा शेजार, कामाठीपुरा आणि गोलपिठा जवळच. तिथल्या आयाबाया चिंध्या, कागद, काच वेचतात. काही जणी वेश्यांची लुगडी धुतात. दया पवार या वस्तीचे गोडवे गात नाहीत आणि तिला नरक म्हणून मोकळेही होत नाहीत. कोण कोणाच्या शेजारी राहत होते आणि त्या शेजारासाठी कोण काय मोजत होते, याचा ते हिशेब देतात. ढसाळांच्या ‘गोलपिठा’ची (१९७२) भाषासुद्धा असाच दस्तऐवज आहे. त्या कवितेतले शब्द मराठी, हिंदी, उर्दू, गल्लीतल्या बोलीतून आले आहेत. विजय तेंडुलकरांना प्रस्तावना लिहिण्यापूर्वी अनेक शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले, ती वस्ती पायी पाहावी लागली. मिश्र वस्तीचा पुरावा इथे भाषेतच आहे. एकत्र जगल्याशिवाय अशी भाषा तयार होत नाही, आणि ती भाषा कोणाच्याही सुसंवादाची जाहिरात करीत नाही.

या दोन पुस्तकांवरून वस्तीच्या आठवणीला लावायच्या तीन कसोट्या मांडता येतील. पहिली, पत्त्याची : लेखन ‘सगळे’ म्हणते की कोण कुठे राहत होते ते सांगते? दुसरी, क्रियापदाची : ते ‘जळाले’ म्हणते की ‘जाळले’? तिसरी, काळाची : ते हल्ल्याच्या आदला दिवस आणि पुढचे वर्ष, दोन्ही दाखवते का? हल्ल्याआधीचा अन्याय लपवणारी आठवण खोटी पडते, आणि हल्ल्यानंतरचे स्थलांतर लपवणारी आठवण निर्दय ठरते.

पुन्हा नागपूर

या कसोट्या घेऊन महाल-हंसापुरीकडे वळावे. नागपूर हे मिश्र शहर आहे हे खरे. ते पहिल्या दिवसापासून मिश्र आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ते वसवले देवगडच्या गोंड राजाने. त्याचे बख्त बुलंद हे नाव औरंगजेबाच्या दरबारातून आलेले, आणि त्याने इस्लामही तिथेच स्वीकारलेला. ज्या बादशहाच्या कबरीवरून २०२५ मध्ये हे शहर पेटवले गेले, त्याच बादशहाने दिलेले नाव या शहराच्या संस्थापकाला होते. पुढे भोसले आले, त्यांच्या वाड्यांवरून महाल हे नाव राहिले. मागावर बसणारे कोष्टी होते तसे मोमीनही होते. ही माहिती शाळेतल्या मुलाला हवी, कारण शहर एकाच समाजाचे असल्याचा दावा तिच्यापुढे टिकत नाही.

पण लगेच दुसरी माहितीही हवी. आमच्याच भागातल्या मोहप्याचे किसन फागुजी बनसोड यांनी १९०७ मध्ये पाचपावलीत अस्पृश्य मुलींसाठी शाळा काढली. सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते तर वेगळी शाळा का काढावी लागली? १९२७ च्या सप्टेंबरात याच महालात हिंदू-मुस्लिम दंगल झाली. ती राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या इतिहासकथनात पराक्रमाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्या गल्ल्यांतल्या शेजाऱ्यांचे पुढे काय झाले हे त्या कथनात नसते. आणि १९५६ साली याच शहरात लाखोंनी धर्मांतर केले, ते कोणाच्या तरी गुण्यागोविंदाला कंटाळूनच.

मार्च २०२५ च्या भाषेलाही कसोटी लावावी. त्या दंगलीच्या मुख्य आरोपीचे घर २४ मार्च रोजी महापालिकेने बुलडोझरने पाडले. त्याच दिवशी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अशा कारवाईला स्थगिती दिली. केवळ आरोप आहे म्हणून घर पाडता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजीच सांगितले होते. प्रशासनाच्या भाषेत याला ‘अनधिकृत बांधकाम हटवण्यात आले’ म्हणतात. पुन्हा कर्ता नाही. दगड मारणाऱ्याला कर्ता मानायचे आणि घर पाडणाऱ्याला कर्मणी प्रयोगात लपवायचे, हा व्याकरणातला पक्षपात आहे. चिटणीस पार्कात गाडी पेटवणाऱ्याचे नाव जितक्या स्पष्टपणे घ्यायचे, तितक्याच स्पष्टपणे सत्तेचेही घेतले पाहिजे. आणि ज्यांची वाहने, ज्यांची दुकाने फोडली गेली ते हिंदू असोत की मुसलमान, त्यांचे नुकसान कोणाच्या राजकारणाच्या सोयीसाठी लहान किंवा मोठे करता कामा नये.

या कामात बौद्ध तरुणांची जागा महत्त्वाची आहे. दंगलीच्या वेळी त्यांना दोन्ही बाजूंनी बोलावणे येते. एका बाजूला ‘आपण सगळे हिंदू’ असे सांगितले जाते, दुसऱ्या बाजूला ‘आपण दोघे पीडित’ असे. पहिल्या बोलावण्याचा फोलपणा वरळीने दाखवला आहे. तिथे दगड मारताना ‘आपण सगळे’ कोणाला आठवले नव्हते. दुसऱ्या बोलावण्यात सत्य आहे, पण तेही घोषणेवर चालणार नाही. पाणी, घर, शाळा, पोलीस ठाणे यांच्या प्रश्नांवर रोज एकत्र उभे राहिल्यानेच ते खरे होईल.

पदवीच्या वर्गात ‘माझी वस्ती’ या विषयावर निबंध द्यायची जुनी पद्धत आहे. तो निबंध यापुढे निराळ्या रीतीने द्यावा, असे मराठीच्या शिक्षकांना सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना वस्तीचा नकाशा काढायला सांगावा. कोणत्या गल्लीत कोण राहतो, पाणी कुठून येते, कोण कोणाच्या घरी जेवते आणि कोण नुसता चहा घेते, मागच्या तीस वर्षांत कोण सोडून गेले आणि का, हे घरातल्या व शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहायला सांगावे. बायकांना आधी विचारावे. दंगलीच्या रात्री घरात कोण जागे होते हे त्यांनाच माहीत असते. नावे जपून ठेवावीत, छापताना गाळावीत, पण क्रियापदे गाळू नयेत. सावनेर, कामठी, काटोल, कळमेश्वर या गावांतली मुले रोज नागपूरला शिकायला, मजुरीला, नोकरीला जातात. त्यांच्या वह्यांतून या शहराचा एक वेगळा इतिहास गोळा होईल.

वरळीच्या चाळी पाडल्या जातील, तिथे उंच इमारती उभ्या राहतील. त्या इमारतींच्या तळमजल्यावर कधी चाळींचे स्मारक झालेच, तर त्यात दहीहंडी आणि कबड्डीच्या छायाचित्रांशेजारी ५ आणि १० जानेवारी १९७४ या तारखा, रमेश देवरुखकर आणि भागवत जाधव ही नावे, आणि ‘मारले’ हे क्रियापद असले पाहिजे. हे मागणे वरळीच्या रहिवाशांइतकेच आपल्या लेखकांपुढेही आहे.